छत्री, बिस्किटं आणि बत्तासा

परवा एका ऑफिसात मीटिंगला गेले होते. पेन शोधता शोधता माझी पर्स टेबलावर उलटी झाली आणि आतून जे काही बाहेर पडलं ते बघून समोरच्या मॅडमचा चेहराच बदलला. पावसाचं नाव नाही, तरी घडीची छत्री. पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, अर्धा फुटलेला. सलाइनची छोटी बाटली. कापूस. आणि एक जुनी, रंग विटलेली ओढणी. लिपस्टिक नव्हती. पेनही नव्हतं!

‘ट्रेकला निघालीयस का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही, कुत्रा फिरवायला.’

त्या हसल्या. मीही हसले. पण खरं सांगू? ही पर्स भरायला मला एक सकाळ, नऊ टाके आणि जवळपास एक अख्खं वर्ष लागलंय.

बत्तासा म्हणजे माझा स्पिट्झ. वय चार, वजन सहा किलो आणि स्वतःबद्दलचा समज साधारण साठ किलोचा. आपल्याकडे सगळे त्याला ‘पॉमेरियन’ म्हणतात, मीही दुरुस्त करणं आता सोडून दिलंय. पांढराशुभ्र म्हणून आईने नाव ठेवलं बत्तासा. अर्थात माहुलमध्ये राहून कुणी पांढराशुभ्र राहू शकतो, हा तिचा साताऱ्यात बसून झालेला गैरसमज.

माहुल कुठे आलं, हे मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. चेंबूरच्या पुढे, वाशी नाक्याच्याही पलीकडे, जिथे यायचं म्हटलं की रिक्षावाला आधी आकाशाकडे बघतो, तिथे. एका अंगाला रिफायनऱ्या आणि टाटा पॉवरची धुरांडी, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा, खाडी, खारफुटी आणि हिवाळ्यात चिखलात उतरणारे हजारो फ्लेमिंगो. पेपरात माहुल येतं ते एक तर या गुलाबी पाहुण्यांच्या फोटोंमुळे, नाहीतर प्रदूषणामुळे. तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर २०१७ पासून ज्या कुटुंबांना इथल्या इमारतींत आणून टाकलं, त्यांनी या हवेविरुद्ध हायकोर्टापर्यंत लढा दिला, तो तुम्ही वाचला असेल. कुत्र्यांमुळे माहुल पेपरात कधी आलेलं नाही. पण कुत्र्यांच्या नजरेने बघाल तर जागा झकास! रस्त्याकडेला टँकर रांगेत उभे, त्यांच्याखाली दिवसभर सावली. ड्रायव्हर-क्लीनरच्या डब्यातलं उरलंसुरलं. कोळीवाड्यात मासळीची डोकी आणि शेपट्या. आणि उचलला जाईल तेव्हा जाईल असा कचरा. मला इथलं भाडं झेपतं आणि त्यांना इथलं जेवण परवडतं, एवढाच काय तो आमच्यात फरक.

तर ती सकाळ. जानेवारी २०२५, पावणेसात वाजलेले, हवेत चक्क थंडी. माझ्या कानात इअरफोन, हातात रीळवाली लीश. बटण दाबलं की चार-पाच मीटर लांब होते ती. (दिसायला स्टायलिश असते म्हणून ऑनलाइन मागवली होती, हेही कबूल करून टाकते.) बत्तासा पुढे, मी मागे. रस्त्याकडेला एक बंद पडलेला टेम्पो होता, कित्येक महिने तिथेच. बत्ताशाने त्याच्याखाली नाक घातलं.

भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. टेम्पोखालून एक तपकिरी कुत्री बाणासारखी सुटली आणि तिने थेट त्याचा खांदा धरला. दुसऱ्या सेकंदाला कुठून तरी आणखी दोन आली.

मी काय केलं? जे जे करू नये ते सगळं, तेही क्रमाने. आधी किंचाळले. मग लीश सर्वशक्तीनिशी वर ओढली. त्याने बत्तासा गळाला लागलेल्या मासळीसारखा हवेत लटकला, पाय झाडत. आणि पाय झाडणारं, केकाटणारं काहीतरी हवेत लटकतंय म्हटल्यावर खालची तिघंही उड्या मारायला लागली. ज्याच्या खांद्यात दात रुतलेत त्याला तुम्ही ओढलंत तर दात सुटत नाहीत, कातडी फाटते. हे मला नंतर कळलं. शेवटचा वेडेपणा म्हणजे मी त्या गोंधळात हात घातला आणि माझ्या अंगठ्याला कडाडून चावा बसला. चावणारा होता बत्तासा. भीतीने डोळे पांढरे झालेल्या जनावराला मालकीण कळत नाही.

सोडवलं ते टपरीवाल्या काकांनी. त्यांनी काहीही आरडाओरडा केला नाही. ग्लास विसळायची बादली उचलली आणि ते सगळं पाणी तिघांच्या तोंडावर फेकलं. पकड सुटली, कुत्री दोन पावलं मागे सरकली. काका नुसते खाली वाकले. हातात दगड नव्हता, जवळपासही नव्हता. पण मुंबईतल्या प्रत्येक कुत्र्याला वाकलेल्या माणसाचा अर्थ कळतो. तिघंही पांगली. सगळं मिळून पंधरा सेकंदं असतील. मला ती पंधरा मिनिटं वाटली.

पुढची चूक घरी आल्यावर. बत्ताशाच्या जाड केसांत बोटं फिरवली, खांद्यावर दोन बारीक भोकं दिसली, रक्तही फार नाही. म्हटलं, वाचलो! कोमट पाण्याने पुसलं, हळद दाबली (आईचा फोनवरून सल्ला) आणि डेडलाइन होती म्हणून लॅपटॉप उघडला. तिसऱ्या दिवशी खांदा लिंबाएवढा सुजला, अंगात ताप, खाणं बंद. चेंबूरच्या डॉक्टरांनी केस भादरले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की कुत्र्याचा चावा म्हणजे हिमनगासारखा प्रकार असतो. वर सुईएवढं छिद्र, पण सुळा आत गेल्यावर मान झटकली की खालचं कातडं मांसापासून सुटतं आणि आत पिशवी तयार होते. त्या पिशवीत आपण दाबलेली हळद, केस आणि त्या कुत्रीच्या तोंडातले सगळे जंतू असा मस्त मसाला! डॉक्टरांनी भूल देऊन जखम उघडली, धुतली, पू वाहून जायला छोटी नळी ठेवली, बाकीच्या भागाला नऊ टाके घातले. मला विचारलं, ‘त्याच दिवशी का नाही आलात?’ उत्तर काय देणार?

‘मानेचे केस दाट होते म्हणून वाचला,’ असंही म्हणाले. लहान कुत्र्याला मोठ्याने मानेला धरून झटकलं तर बाहेर काहीच न दिसता आत फुप्फुसाला, मणक्याला मार बसू शकतो. म्हणून लहान कुत्र्याच्या बाबतीत ‘जखम दिसत नाही’ याचा अर्थ काहीच नसतो. हिरड्या बघायच्या. गुलाबीच्या पांढऱ्या झाल्या असतील, श्वास जोरात चालला असेल, तर रिक्षा पकडायची, गूगल नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर परळचं ‘बैलघोडा’ म्हणजे बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल आपल्या आजोबांपासून सगळ्यांना माहीत आहे. २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटलही चोवीस तास सुरू झालंय. फोन नंबर आधी सेव्ह करून ठेवा. रक्त वाहत असताना नंबर शोधता येत नाही, मी प्रयत्न केलाय.

बत्ताशाचं रेबीजचं वार्षिक इंजेक्शन झालेलं होतं, तरी त्याला लगेच बूस्टर दिला. आणि मला? ‘घरचाच कुत्रा चावलाय, लस दिलेला आहे’ हे माझं लाडिक आर्ग्युमेंट पालिकेच्या दवाखान्यात कुणी ऐकून घेतलं नाही, आणि बरंच झालं. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं अंगठा धुवायला लावला. (मी घरी फक्त डेटॉल लावलं होतं.) मग शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस, अशा चार तारखांना दोन्ही दंडांत एकेक सुई. लस फुकट मिळते. रेबीज एकदा दिसायला लागला की औषध नाही, म्हणून यात स्मार्टनेस दाखवायचा नसतो.

बत्ताशाचं बिल मात्र फुकट नव्हतं. एका लेखाचे मला किती मिळतात आणि एका टाक्याचे किती जातात, याचा हिशोब मी केला आणि मग तो कागद फाडून टाकला.

त्या आठवड्यात मी एका वेगळ्याच मूडमध्ये होते. ती तपकिरी कुत्री मला नको होती. बस्स! पालिकेकडे तक्रार टाकली, सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, खाली ‘हिचा बंदोबस्त झालाच पाहिजे’. सत्तावीस अंगठे मिळाले. कुणीतरी खाजगीत मेसेज केला, की ‘ताई, बंदोबस्त करून देणारे असतात.’ आज सांगायला लाज वाटते, पण मी तो मेसेज लगेच डिलीट केला नाही. दोन दिवस तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यातल्या मावशी भेटल्या. रोज सकाळी पाटी घेऊन जाताना त्या टेम्पोपाशी थांबतात आणि मासळीचं काहीबाही टाकतात, हे मी बघितलेलं होतं. आज भांडायचंच ठरवून गेले.

‘मावशी, तुम्ही खायला घालता म्हणून ही कुत्री माजलीत. माझ्या कुत्र्याला नऊ टाके पडलेत!’

मावशींनी पाटी खाली ठेवली. ‘तुझा तो पांढरा ना गो? लई वाईट वाटलं मला. पण तू खाली वाकून बघितलंस का कधी?’

मी वाकले. टेम्पोच्या मागच्या चाकाच्या आड, फाटक्या गोणपाटावर पाच पिल्लं. डोळे नुकतेच उघडलेले.

‘बाळंतिणीच्या खोलीत कुणी न विचारता तोंड घातलं तर तू काय करशील?’

मला काही सुचलं नाही. भटक्या कुत्र्यांची पिल्लं आपल्याकडे बहुतेक थंडीच्या दिवसांत जन्मतात. म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात बंद गाड्या, जिन्याखालच्या जागा, बांधकामाच्या विटा, गटाराचे पाइप, यांच्या आसपास आपल्या कुत्र्याला नेणं म्हणजे आमंत्रणच. एवढी साधी गोष्ट मला मास कॉमच्या डिग्रीने शिकवली नव्हती आणि त्या रीळवाल्या लीशच्या बॉक्सवरही लिहिलेली नव्हती.

मग मी एक प्रकार सुरू केला, जो सुरुवातीला मलाच हास्यास्पद वाटला. बत्तासा घरी बरा होत होता, तेवढ्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याशिवायच वॉकला जायचे. एकटी. वहीत नकाशा काढला. टेम्पो ते टपरी ही तपकिरी कुत्रीची हद्द. काकांनी तिचं नाव ‘मॅडम’ ठेवलेलं, कारण ती कुणाकडेही सरळ बघत नाही. टपरी ते टँकरची रांग ही ‘क्लीनर’ नावाच्या काळ्या बोक्यासारख्या कुत्र्याची. खाडीकडे, जिथे मासे सुकत घालतात, तिथे सात-आठ जणांची गँग, त्यांचा म्होरक्या एक कानतुट्या. मधे एक गटार आणि एक विजेचा खांब, बस, तीच बॉर्डर. मॅडम खांबाच्या पुढे जात नाही आणि कानतुट्याची माणसं (सवयीने लिहिलं, राहू दे) अलीकडे येत नाहीत. सकाळी साडेसहा ते सात कचऱ्याची वेळ, तेव्हा सगळे तापलेले. साडेसातनंतर पोट भरून सगळे आडवे. मी इतके महिने बत्ताशाला नेमकी पावणेसातला, तीन हद्दी ओलांडून, पाच मीटरच्या लीशवर नेत होते! ट्रॅफिक सिग्नल न बघता रोज हायवे क्रॉस करावा तसं.

वॉकची वेळ पावणेआठ केली. रस्ता बदलला. समोर कुत्री दिसली की सरळ त्यांच्याकडे न जाता लांबून वळसा घेऊन जायचं. कुत्र्यांच्या भाषेत सरळ चालत येणं उद्धटपणा असतो, वळसा घेणं म्हणजे ‘नमस्कार, निघालोय’. रीळवाली लीश फेकली, साधी दीड मीटरची कापडी घेतली. ती आखूड धरायची पण ताणायची नाही. आपण ताणली की आपला कुत्रा छाती काढून मागच्या दोन पायांवर उठल्यासारखा होतो आणि समोरच्याला वाटतं हा भांडायला आला. इअरफोन बंद. हे सगळ्यात जड गेलं.

छत्री ही आमच्या डॉक्टरांची आयडिया. बटणाची छत्री समोर धरून फाडकन उघडायची. समोरच्या कुत्र्याला अचानक एक मोठी काळी भिंत दिसते आणि तुमचा कुत्रा नाहीसा होतो. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. फक्त आधी घरी आपल्या कुत्र्याला तिची सवय लावा. पहिल्यांदा मी उघडली तेव्हा बत्तासा पलंगाखाली गेला आणि जेवायला बाहेर आला. बिस्किटं दुसऱ्या फळीसाठी. ती कुत्र्याच्या पायाशी टाकायची नसतात, तसं केलं तर तो तुमच्यापाशीच थांबतो. त्याच्या डोक्यावरून मागे, लांब भिरकवायची, मूठभर. तो वळून हुंगत बसतो तोवर आपण वळसा घालून निघायचं, पण पळायचं नाही. ओढणी जुंपलीच तर तोंडावर टाकायला. हात मात्र कधीही घालायचा नाही. काठी मी वापरून बघितली, चार दिवस. चारच दिवसांत जी कुत्री मला ओळखही दाखवत नव्हती ती मला बघून भुंकायला लागली. पेपर स्प्रेचं तर नावच काढू नका. माहुलला खाडीवरून वारं येतं, तो स्प्रे आधी तुमच्याच डोळ्यांत.

उचलून घ्यावं का, हा प्रश्न सहा किलोवाले सगळे विचारतात. कुत्री लांब असताना शांतपणे उचलून गाडीच्या, भिंतीच्या आड गेलात तर ठीक. अंगावर आल्यावर उचललंत तर ती तुमच्या अंगावर चढणार. त्यापेक्षा त्याला आपल्या मागे घ्यायचं, भिंतीला पाठ लावायची आणि छत्री पुढे.

छत्रीची खरी परीक्षा माहुलमध्ये झालीच नाही. झाली चेंबूरच्या एका चकचकीत गल्लीत, मार्चमधल्या रविवारी. समोरून एक गृहस्थ, ट्रॅकसूट, हातात लीश. लीशला कुत्रा नव्हता. कुत्रा, चांगला चाळीस किलोचा जर्मन शेफर्ड, आमच्या दिशेने सुसाट येत होता आणि मागून ते अमर वाक्य आलं, ‘घाबरू नका, काही करत नाही तो!’

मी बटण दाबलं. फाड्! शेफर्ड चार पायांवर घसरत थांबला. गृहस्थ धापा टाकत पोचले आणि मलाच म्हणाले, ‘अहो मॅडम, केवढा दचकला माझा!’

खरं सांगते, मला मॅडम (टेम्पोवाली) परवडली. तिच्याकडे निदान कारण होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर तासन् तास बोलणारे आपण, स्वतःची पाळलेली कुत्री मोकळी सोडणाऱ्यांना ‘डॉग लव्हर’ म्हणतो. भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम पाळीव जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. पण त्यातही विचार आहे तो माणसाला होणाऱ्या धोक्याचा. बत्तासा त्यात कुठेच नाही.

असो. मॅडमकडे वळते.

माझ्या तक्रारीवर पालिकेतून फोन आला होता. कुत्री पकडून निर्बीजीकरण आणि लसीकरण होईल, पण पिल्लं दूध पितायत तोवर नाही, आणि नंतर ती पुन्हा याच जागी सोडली जाईल. ‘याच जागी?’ मी किंचाळलेच होते तेव्हा. आता वाचत गेले तसं कळलं की मुंबई हा प्रयोग पूर्वीच करून चुकलीय. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या ब्रिटिशांच्या मोहिमेवरून फोर्टात पारशी मंडळींनी चक्क दंगल केली होती. त्यानंतरही मारणं चालूच राहिलं. पालिकेच्याच हिशोबाने १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास कुत्री मारली गेली. कुत्री संपली? रिकाम्या झालेल्या जागेत शेजारची येत गेली. १९९४ पासून मारणं थांबवून नसबंदी सुरू झाली. पालिकेच्या गणनेत २०१४ मध्ये ९५,१७२ भटकी कुत्री होती, २०२४ च्या पाहणीत ९०,७५७. दहा वर्षांत एवढीच घट! हे आकडे बघून कुणी नाचू नये, पण शहर वाढत असताना आकडा खाली आलाय हेही खरं.

पिल्लांचं सांगायचं राहिलं. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांच्या टीमने रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. सात महिन्यांपर्यंत जगली फक्त १९ टक्के, आणि मृत्यूंमागे मोठा हात माणसांचा. २०१६ मध्ये तो अभ्यास छापून आला. मी तो वाचला तेव्हा टेम्पोखालच्या पाचांपैकी दोन थंडीत गेली होती, एक टँकरखाली. एक कुणीतरी नेलं. एक उरलं. काका त्याला ‘उधार’ म्हणतात.

एप्रिलमध्ये पालिकेची गाडी आली आणि मॅडमला घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. संध्याकाळी बत्ताशाला घेऊन टेम्पोवरून बिनधास्त गेले, वळसा न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजेच्या खांबाच्या अलीकडे कानतुट्या बसलेला होता.

तिसऱ्या दिवशी त्याची सगळी गँग टपरीपर्यंत. ही मला ओळखत नव्हती, बत्ताशाला ओळखत नव्हती, आणि जागा नवी असल्यामुळे आपसातच रात्रभर मारामाऱ्या. क्लीनरचा पाय फाटला. एका शाळकरी मुलाच्या मागे लागली. मी दोनदा छत्री उघडली, दोनदा बिस्किटं संपवली आणि तिसऱ्या दिवसापासून बत्ताशाची शी-शू इमारतीच्या मागच्या चार फुटांत. माझा तो वहीतला नकाशा, तीन आठवडे खपून काढलेला, रद्दी झाला होता. जिच्या ‘बंदोबस्ता’साठी मी सत्तावीस अंगठे गोळा केले होते, ती आमच्या गल्लीची वॉचमन होती!

सहाव्या दिवशी गाडी आली. मागचं दार उघडलं, मॅडम उतरली. कानाचा कोपरा कापलेला, नसबंदी झाल्याची खूण. जरा डगमगली, टेम्पोला एक चक्कर मारली, मग सरळ खांबाकडे चालायला लागली. सरळ, वळसा न घेता. मी चौथ्या मजल्यावरून बघत होते. भुंकाभुंकी झाली, धूळ उडाली. संध्याकाळपर्यंत कानतुट्या खांबाच्या पलीकडे.

११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश दिला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी फुटले. जानेवारीतली मी असते तर मीही फोडले असते. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी आणि लस देऊन जिथली तिथे सोडायची, आणि खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच. या दुसऱ्या भागाबद्दल मी मावशींशी भांडले. गेटसमोर आणि टेम्पोपाशी मासळी टाकायची नाही, हे माझं म्हणणं आजही आहे. २०२३ च्या नियमांतही खाऊ घालायची जागा ये-जा करण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर असावी असं लिहिलंय. मावशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस पाटी घेऊन टेम्पोच्या मागे, भिंतीच्या कडेला गेल्या. आता तिथेच टाकतात. कागदही उचलतात. मला मात्र अजून ‘कायदेवाली’ म्हणतात.

बत्तासा आणि मॅडम मित्र झाले का? सगळे हेच विचारतात, फोटो मागतात. नाही झाले. टेम्पो दिसला की तो आजही माझ्या डाव्या पायाला चिकटतो, शेपूट खाली. टाके पडलेल्या जागी केस आलेत पण जरा पिवळट. मॅडम आम्हाला बघते, म्हणजे नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघते. आम्ही दहा फुटांवरून अर्धगोल काढून जातो. उधार मधेच येऊन बत्ताशाचं बूड हुंगतो आणि बत्तासा त्याला एक खास साताऱ्याची शिवी देतो. मॅडम कान हलवते, कोपरा कापलेला, आणि पडून राहते.

काल तेवढ्यात काकांनी टपरीतून आवाज दिला, ‘ताई, आज पाऊस नाही हां!’ मी छत्री काखेत मारली आणि चहा सांगितला.